आता चुकीचं उत्तर द्या

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघ्याला नवीन तेल सुरू केलंत म्हणालात, त्याने गुण येतोय की नुसता वास येतोय ते कळवा. इथे मी ठीक. बाल्कनीतल्या कुंडीत पुन्हा तेच गवत उगवलंय आणि मी ते काहीतरी चांगलं निघेल म्हणून पाणी घालतेय.

एक बातमी आहे, हसू नका. आपण दोघी आपापल्या गावी रोज संध्याकाळी जी प्रश्नमंजुषा बघतो ना, तिच्या त्या उंच खुर्चीवर मी बसते. तुम्हाला दिसणार मात्र नाही. खरे स्पर्धक यायच्या आधी स्टुडिओत तालीम होते. दिवे नीट पडतात का, कॅमेरे नीट फिरतात का, आवाज नीट येतो का हे बघायला खुर्चीत कोणीतरी बसलेलं लागतं. आधी बसायची ती मुलगी नोकरी सोडून गेली. वरच्याने कपडेपटात डोकावून पाहिलं, मी कोणाची तरी बाही उसवत होते. म्हणाला, तुम्ही चालाल. वरचा म्हणजे दिग्दर्शक. तो वर काचेआड बसतो आणि तालमीत त्याचा नुसता आवाज छतातून येतो, म्हणून सगळे त्याला वरचा म्हणतात.

आत गेलं की बाहेर दुपार आहे हे विसरायला होतं. खिडकी नाही. सगळीकडे काळे पडदे, आणि खाली काचेची जमीन. तिच्या आतून निळा उजेड येतो, तेव्हा वाटतं आपण खुर्चीसकट पाण्यावर ठेवलेलो आहोत. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, आणि त्यांतून टाळ्या येतात. मशीनच्या. पहिल्या दिवशी मी उठून नमस्कार केला.

उत्तरं माझी नसतात. छतातून आवाज येतो, "आता बरोबर द्या." मी बरोबर देते, सगळं हिरवं होतं. "आता चुकीचं द्या." मी चुकीचं देते, सगळं लाल. बरोबर उत्तर मला येत नसेल तर समोरचे गृहस्थ हातातलं कार्ड हळूच तिरकं करतात. तेही माझ्यासारखेच बदली, खऱ्या सूत्रसंचालकाच्या जागी बसणारे. इतकी वर्षं मी फुकट चुकले वन्सं, आता चुकायचा पगार मिळतो.

प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत येतात. परवा कळलं, शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. बसस्टॉपवर उभी राहून विचार करत होते, म्हणजे तिथे संध्याकाळ व्हायच्या आत वाढदिवस येऊन जाणार. बस गेली निघून. आणि ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. तो पोहायला लागला की त्यातलं एक थांबतं, म्हणून त्याला पोहण्यापेक्षा तळावरून सरपटणं बरं वाटतं म्हणे. ऑक्टोपसचा प्रश्न आला तेव्हा ह्यांची फार आठवण झाली. कुठल्याही प्राण्याचा प्रश्न असो, ह्यांचं उत्तर ठरलेलं. देवमासा. सर्वांत वेगाने धावणारा प्राणी? देवमासा. सर्वांत उंच? देवमासा. एकदाच ते बरोबर निघालं, तर तुमचा दादा खोलीभर हात मागे बांधून फिरला होता, जणू मासा त्यानेच पकडला होता.

फोन करणार होते, पण तुम्ही उचलत नाही. म्हणून पत्र.

तुमची,
वहिनी


२६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. तेल बंद केलंत ते उत्तम. कुंडीतल्या गवताला फूल आलंय, पांढरं, तिळाएवढं. आता उपटवत नाही.

तुम्ही विचारलंत, समोरचे गृहस्थ कोण. मी त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिली होती. तुमची नर्सची नजर अजून तशीच आहे, पेशंट जे सांगत नाही तिथेच बोट ठेवायचं.

त्यांना इथे सगळे हवामान म्हणतात. रेडिओवर कितीतरी वर्षं हवामानाच्या बातम्या वाचायचे. आवाज तुम्हीही ऐकला असेल. समुद्र किंचित खवळलेला राहील, असं ते म्हणायचे, आणि समुद्रापासून कितीतरी लांब राहणारे आपण खिडकी लावून घ्यायचो. साधे आहेत. स्वेटरच्या कोपराला भोक होतं, ते मी रफू करून दिलं, कपडेपटाचं कामच आहे ते. तालीम संपल्यावर कधीकधी कँटीनमध्ये चहा होतो. प्रश्नांविषयीच बोलतो. चंद्र दर वर्षी आपल्यापासून थोडा थोडा लांब चाललाय, नखं वाढतात साधारण तितक्याच वेगाने, हे त्यांनी सांगितलं. मी नखं कापताना आता जरा थांबते.

दुसरं काही नाही.

एक मात्र विचारायचं राहिलं. त्या कार्यक्रमात स्पर्धकाला अडलं तर तो घरच्या माणसाला फोन लावून विचारतो ना, अर्धा मिनिट? तीही तालीम असते. ध्वनिवाल्याला बाहेरच्या फोनवरून खरोखरचा आवाज आलेला हवा असतो, त्याशिवाय त्याला यंत्र जुळवता येत नाही. मला म्हणाला, घरच्या कोणाचा तरी नंबर द्या. मी तुमचा दिला. दुसरा कोणाचा देणार? दोनदा लावला, नुसता वाजत राहिला. अख्ख्या स्टुडिओत तुमची घंटी वाजत होती वन्सं, वरून, खालून, मागून. तुमचा दिवाणखाना माझ्या डोळ्यांसमोर आला, टेबलावरचा तो फोन आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेल्या तुम्ही. ध्वनिवाला म्हणाला, तुमच्या घरचे कधी घरी नसतातच का. मी म्हटलं, फिरायला गेल्या असतील.

खरं कारण सांगितलं नाही. वॉर्डातल्या फोनने तुम्हाला आयुष्यभर एकच बातमी दिली, कोणीतरी गेल्याची, हे त्याला कसं सांगू? ह्यांच्या वेळी तो फोन तुम्ही स्वतः मला केला होता. त्यानंतर घरचा फोन तुम्ही उचललेला मला माहीत नाही.

काळजी घ्या.

तुमची,
वहिनी


१५ मार्च

वन्सं,

तुमच्या पत्रात या वेळी एकच ओळ होती. "दुसरं काही नाही, असं तू लिहितेस तेव्हा मी चष्मा पुसून घेते." मी अहो-जाहो करत राहिले आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून अगं-तूगं, पण वयाने आपण सारख्या, तुम्हाला फसवणं मला कधी जमलं नाही.

तर सांगते.

गेल्या आठवड्यात तालमीच्या मध्येच प्रश्नांचा पडदा बंद पडला. वरचा म्हणाला, पडदा दुरुस्त होईतो दिव्यांचं काम उरकू, तुम्ही दोघं काहीही बोला, थांबू नका. खाली ती निळी जमीन, बाकी अंधार. हवामानांनी हातातली कार्डं नीट जुळवून बाजूला ठेवली आणि बातम्या वाचायच्या आवाजात म्हणाले, "पुढचा प्रश्न. तुम्ही आणि मी एका घरात राहावं का? अ, हो. ब, नाही. क, विचार करून सांगते. ड, वन्संना विचारून सांगते."

तुमच्याबद्दल मी इतकं बोलते हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात छतातून आवाज आला, "आता चुकीचं उत्तर द्या."

वरच्याला प्रश्न ऐकूही आला नसेल. त्याला लाल दिवे बघायचे होते. पण मी त्या खुर्चीत इतके दिवस बसलेय की तो आवाज आला की माझं तोंड आपोआप चालतं. चुकीचं हवं ना, मग चुकीचं कुठलं ते शोधायचं. मी म्हटलं, "ब. नाही."

आणि सगळं लाल झालं. जमीन, पडदे, रिकाम्या खुर्च्या, त्यांचा रफू केलेला स्वेटर, माझे हात. आम्ही दोघं त्या लाल उजेडात बसून राहिलो. ते हळूच म्हणाले, "उत्तर चुकलं." मी म्हटलं, "हो." मग पडदा सुरू झाला आणि पुढचा प्रश्न कुठल्यातरी वाळवंटाचा होता.

त्यानंतर त्यांनी विषय काढलेला नाही. चहा होतो. वाऱ्याबद्दल बोलतात. मीच एक दिवस म्हटलं, मला फोन करायचा आहे, घरच्या माणसाला. ते म्हणाले, अर्धा मिनिट मिळेल.

लोक काय म्हणतील याची मला भीती नाही, या वयात लोकांना आपल्याकडे बघायला वेळ नसतो. हे रागावतील असंही वाटत नाही. ते फार तर म्हणाले असते, या माणसाला देवमाशाबद्दल काय माहीत आहे ते आधी विचार. भीती निराळीच आहे. ह्यांच्यामुळे मी तुमची वहिनी झाले. हे गेले, तरी तुम्ही मला वहिनीच म्हणत राहिलात. ते कुठल्या हिशेबाने, हे तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. जगात ही हाक मारणारं तुमच्याशिवाय कोणी नाही. मी दुसऱ्या घरात गेले तर तुम्ही मला काय म्हणाल? नाव घेऊन हाक माराल, नीट बोलाल, तेलाबद्दल कळवाल. पण ती हाक जाईल. ती जाणार असेल, तर मला घर बदलायचं नाही. मी त्यांना तसं सांगेन आणि ते समजून घेतील, तसेच आहेत ते.

मी पुढल्या गुरुवारी दुपारी चारला फोन लावायला सांगितलाय. विचारणारे तेच असतील. प्रश्न कार्डावरचा असेल, कुठला ते मलाही माहीत नाही, उत्तर आलं नाही तरी चालतं. ध्वनिवाल्याला फक्त तुमचा आवाज हवाय. मलाही तेवढाच हवाय. त्यात मला कळेल.

पत्राचं उत्तर लिहू नका, वेळेत पोहोचायचं नाही. उचलला नाहीत तरी मी समजेन.

खाली सही करायला गेले आणि हात थांबला. काय लिहू? नुसतं

मी


२३ मार्च, सकाळ

प्रिय वन्सं,

तुम्ही तिथे एका टोकाला होतात. या टोकाला काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून लिहितेय.

चार वाजले तेव्हा मी खुर्चीत होते. घंटी वाजायला लागली, त्या दिवसासारखीच सगळीकडून. वाजत राहिली. ध्वनिवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली, ठेवू का असं विचारल्यासारखी. हवामान म्हणाले, वाजू दे. मी जमिनीकडे बघत होते. निळ्या काचेखाली कोणीतरी पेन पाडलंय, तेवढंच मला आठवतंय.

आणि छतातून, जिथून मला रोज काय उत्तर द्यायचं ते सांगतात तिथून, तुमचा आवाज आला.

"कोण गेलं?"

हवामान म्हणाले, कोणी गेलेलं नाही, मी प्रश्नमंजुषेतून बोलतोय, तुमच्यासाठी प्रश्न असा आहे. तुम्ही त्यांना पुढे बोलूच दिलं नाहीत.

"ते नंतर. वय किती तुमचं?"

घड्याळ उलटं धावायला लागलं होतं. ते म्हणाले, चौसष्ट. रक्तदाब? आहे थोडा. गोळी? रोज घेतो. रोज म्हणजे रोज, की आठवण झाली की? ते म्हणाले, रोज, चहाच्या आधी. वन्सं, या माणसाने वादळाच्या बातम्या न अडखळता वाचल्यात, पण तुम्ही "घोरता का?" विचारलंत तेव्हा त्यांची जीभ अडकली. म्हणाले, एकटाच झोपतो, सांगायला कोणी नाही. तेव्हा दिवेवाले, कॅमेरेवाले, मागचे सुतार, सगळे हसले. त्या रिकाम्या खुर्च्यांना पहिल्यांदाच खरं हसू ऐकायला मिळालं असेल.

घड्याळ संपत आलं होतं. तुम्ही म्हणालात, "हं, विचारा आता तुमचं."

त्यांनी घाईघाईने वरचं कार्ड उचललं. तीन हृदयं असलेला प्राणी कोणता?

मी तुम्हाला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तुम्ही माझं कुठलंही पत्र दोनदा वाचता हे मला माहीत आहे. उत्तर तुम्हाला येत होतं. तुम्ही जरा थांबलात. तुमचा श्वास ऐकू आला, सगळ्या स्टुडिओभर, समुद्रासारखा.

"आमच्या वहिनीला सांगा, दुपारचं वेळेवर जेवायचं. आणि उत्तर देवमासा."

फोन बंद झाला.

वरच्याने लाल दिवा दिला, उत्तर चुकलंच होतं ना. पुन्हा सगळं लाल झालं. ध्वनिवाला ओरडला, आवाज एकदम छान आलाय, या बाईंनाच रोज लावत जाऊ. हवामान हातातलं कार्ड उलटसुलट करून बघत होते. म्हणाले, त्यांना आलं नाही वाटतं. मी इतकी हसत होते आणि डोळ्यांतून इतकं पाणी येत होतं की वरच्याने छतातून विचारलं, ताई, दिवे डोळ्यांवर येतायत का.

मग मी त्यांना देवमाशाची सगळी गोष्ट सांगितली, कँटीनमध्ये, चहा निवून गेला तोपर्यंत. खोलीभर हात मागे बांधून फिरण्यापर्यंत. ऐकून त्यांनी निवलेला चहा तसाच पिऊन टाकला. मग म्हणाले, आपण घर घेऊ त्यात एक खोली वन्संना हवी. मी म्हटलं, त्या येणार नाहीत, पण विचारू. आणि माझं उत्तर अ आहे.

कुंडी नव्या घरी नेणार आहे, गवतासकट. हा रविवार सोडून पुढल्या रविवारी फोन करीन, दुपारचं जेवून झाल्यावर. उचला. कोणी गेलेलं नसेल.

तुमची, होते तीच,
वहिनी