कडी नसलेलं दार

गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

चि. चिमणीस पोटभर आशीर्वाद.

तुझा ड्रायव्हर गल्ली बंद करणाऱ्या पत्र्यांवरून औषधांची पिशवी आत देतो, त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे. घरात फोन आहे, मला ठाऊक आहे. पण फोनवर तू ‘हं बाबा’ म्हणतेस आणि तुझ्या मागून चार जण ‘मॅडम, मॅडम’ करतात, त्यात माझं वाक्य अर्ध्यावर लोंबकळत राहतं. पत्राला मधे कोणी तोडत नाही. कारण विचारशील तर तसं काही नाही. म्हणजे आहे, पण ते शेवटी.

मी ठणठणीत आहे. साथीमुळे गल्लीच्या दोन्ही तोंडांना तुम्ही पत्रे मारल्यापासून अशी शांतता आहे की समोरच्या घरातला पंखा कुरकुरतो तेही ऐकू येतं. सकाळी खिडकीत बसतो. टोलनाक्यावरच्या नोकरीत ट्रक थांबवता थांबवता मनातल्या मनात कविता म्हणायचो, तशा आता रिकाम्या रस्त्याला म्हणतो. शाळेतल्याच. पुढे मोठ्या माणसांचं जाडजूड पुष्कळ वाचलं, पण अंगी लागलं ते शाळेतलं. तुला नदीबाईची आठवते का? न्हाणीघरात तुझ्या डोक्यावर पाणी ओतताना म्हणायचो,

नदीबाई, नदीबाई, घाई कशाला एवढी?
पाय बुडवून बसू दे ना, जागा आहे केवढी!

आणि बाहेरून तुझी आई ओरडायची, पोरीची शाळा भरली, आणि बापलेकींचं अजून नदीकाठीच चाललंय.

परवा तू टीव्हीवर दिसलीस. मास्कमुळे अर्धीच. खाली ‘वॉर्ड अधिकारी’ असं लिहिलं होतं, पण मी आधी कपाळावरच्या आठीवरून ओळखलं. ती आठी आईची. वाळली आहेस. दिवसभर वस्त्या पालथ्या घालतेस म्हणे. जेवतेस तरी का वेळेवर?

आता कारण. फिनेल संपलं आहे. पुढच्या पिशवीत जरा जास्त बाटल्या घाल, आणि साबणाच्या वड्याही. टाकीही हल्ली दुपारच्या आत तळ गाठते. पाणी सोडणाऱ्याला सांगून आमच्या लाइनीला थोडं जास्त पाणी मिळेल का, पाहा. उतारवयात माणसाला स्वच्छतेचं वेड लागतं, तसं समज. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझा,
बाबा


सोमवार, सकाळ

चि. चिमणे,

तू प्लंबर पाठवलास. एकट्या म्हाताऱ्याच्या घरात एवढं पाणी जातं कुठे, असं तुझ्या मनात आलं असणार. साहजिक आहे. प्लंबरने सगळे नळ पाहिले, टाकीवर चढला, संडासातल्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं. तेवढ्या वेळात माझ्या मागच्या दाराने पाच बायका आत आल्या आणि पाच बाहेर गेल्या. प्रत्येकीला वाट द्यायला तो पाना हातात घेऊन भिंतीला चिकटून उभा. शेवटी म्हणाला, "काका, नळ एकही गळत नाही. गळतंय ते घर." तुला सांगणं त्याला भाग होतं. मी त्याच्याकडून दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. तेव्हा भरभर लिहितो.

आपल्या मागची वस्ती तुला माहीत आहे. एकेका खोलीचं बिऱ्हाड, आणि सगळ्यांत मिळून महापालिकेचं एक शौचालय. तिथले दोघे आजारी निघाले आणि त्या शौचालयाला कुलूप लागलं. दारावर आदेश चिकटवला आहे. मी वाचला. शुद्धलेखन उत्तम आहे. खालची सहीही ओळखीची वाटली.

आदेशात काही वावगं आहे, असं मी म्हणत नाही. शंभर माणसं एकच नळ आणि एकच कडी हाताळणार, तर आजार तिथूनच फिरणार. पर्यायी व्यवस्था म्हणून फिरतं शौचालय देण्यात येईल, असंही त्यात लिहिलं आहे. आणि ते आलंसुद्धा. फक्त ती गाडी आपल्या गल्लीत मावत नाही. म्हणून ती मोठ्या रस्त्यावर उभी आहे, पत्र्यांच्या पलीकडे. अलीकडे माणसं, पलीकडे गाडी, आणि मधे खुर्ची टाकून बसलेला पोलीस. तो बिचारा वाईट नाही. आतलं माणूस बाहेर सोडायचं नाही, एवढंच त्याला सांगितलं आहे. तू रोज संध्याकाळी विचारत असशील, गाडी पोहोचली का? ते म्हणत असतील, पोहोचली मॅडम. खोटं कोणीच बोलत नाही, बघ.

पुरुषमंडळी पहाटे नाल्याकडे जाऊन येतात. बायकांनी काय करायचं?

आधी शिंपीण आली. आठवा महिना आहे तिला. नवरा ट्रकवर आहे, परगावी अडकला आहे. ही घरी मास्क शिवते. मागच्या दारात उभी राहून ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा लावून देते म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, की जावं लागू नये म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि काल मशीनवर बसल्या बसल्या तिला घेरी आली. मी दार उघडलं. तू असतीस तर काय केलं असतंस, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही, हे कबूल करतो.

तिच्यामागून तिची सासू आली. सासूमागून इस्त्रीवाल्याची बायको, मग तिची जाऊ, मग ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशा. मी ‘पुरे’ कुणाला म्हणायचं? आता अंगणात खडूने गोल आखले आहेत, लांब लांब. तोंड झाकल्याशिवाय आत नाही. प्रत्येकीने जाताना फिनेल ओतायचं, साबणाने हात धुवायचे. शिंपिणीची सासू मुकादम आहे. तिच्यापुढे मीसुद्धा दोनदा हात धुतो.

एक अडचण होती. संडासाच्या दाराला कडी नाही. तुझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात मी ती काढून टाकली, आत पडली तर चटकन जाता यावं म्हणून. पुन्हा बसवायला हात गेला नाही. घरात आपण दोघंच होतो तेव्हा आतलं माणूस खाकरायचं, की बाहेरच्याला कळायचं. इथेही पहिल्या दिवशी तसंच सांगितलं. इस्त्रीवाल्याची बायको आत जाऊन खाकरली मात्र, अंगणातली अख्खी रांग कुंपणापलीकडे! या दिवसांत खोकला ऐकून थांबेल कोण?

म्हणून मग कविता. आतल्या माणसाने कविता म्हणायची, शाळेतली, मोठ्याने. आवाज येतोय तोवर दार लोटायचं नाही. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना मी नदीबाई शिकवली. ‘घाई कशाला एवढी’ आलं की बाहेरच्या बायका पदरात तोंड घालून हसतात. इस्त्रीवाला अंधार पडल्यावर लाजत येतो. त्याला फक्त सिनेमातली गाणी येतात. सासूबाईंनी त्यालाही परवानगी दिली आहे, पण एकच कडवं.

चिमणे, तुझ्या नोकरीला यामुळे धक्का लागेल का? ते मात्र मला खरंच कळत नाही.

तुझा,
बाबा


शनिवार

चि. चिमणे,

मंगळवारी तू येऊन गेल्यावर आपलं फोनवर दोनदा बोलणं झालं, आणि दोन्ही वेळा आपण रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दलच बोललो. बाकीचं राहिलं. ते लिहितो.

तू अंगणात उभी राहिलीस तेव्हा तू माझी कोण, हे रांगेत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी माझ्याकडे शब्द टाकला असता, आणि मी तुझ्याकडे. तुझ्या मागे स्वच्छता निरीक्षक. तू मला म्हणालीस, "आजोबा, हे दार कोणाच्या परवानगीने उघडं आहे?" मी म्हटलं, "माझ्याच, साहेब." तुझी आठी तेवढी हलली.

मग तू रांगेला विचारलंस, इथून आजार पसरला तर जबाबदार कोण? तुझा प्रश्न खरा होता. तो मीही अजून स्वतःला विचारतो.

बोलली ती शिंपीण. पुढचा नंबर तिचा होता. पोटावर हात ठेवून तिने तुझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही सकाळपासून फिरताय. पाणी प्यायलात?"

तू हातातली फाईल चाळलीस.

"नाही ना? शहरातली सगळी शौचालयं कुलूपबंद, तुम्ही तरी जाणार कुठे. आमच्यातल्याच की तुम्ही. घ्या, माझा नंबर घ्या."

माझी मुलगी गेले तीन महिने तहानलेली फिरते आहे, हे मला एका परक्या बाईच्या तोंडून कळलं. मी तुला जेवतेस का, एवढंच विचारत राहिलो.

तू निरीक्षकाच्या हातात फाईल दिलीस आणि आत गेलीस. सासूबाईंना नियम म्हणजे नियम, त्या म्हणाल्या, "आवाज द्या, बाई." मग आतून अगदी बारीक आवाज आला, नदीबाई, नदीबाई. दुसऱ्या ओळीला तू अडखळलीस. बाहेरून चार जणींनी ती पुरी केली. निरीक्षक आभाळाकडे बघत होता. माझं विचारू नकोस. चष्म्यावर वाफ आली होती, मास्कमुळे येते तशी.

बाहेर येऊन तू साबणाने हात धुतलेस, आणि तिथेच नळापाशी उभी राहून निरीक्षकाला सांगितलंस: पत्रे आजच्या आज पुढे सरकवा, गाडी आतल्या बाजूला आली पाहिजे. शौचालयाचं कुलूप उद्या निघेल, तीन पाळ्यांत सफाई, प्रत्येक पाळीला माणूस हजर. आणि हे घर आत्तापासून बंद; आजोबांची तपासणी. शेवटचं वाक्य तू जरा जास्तच कडक बोललीस. मग जाता जाता, दारात, तुझ्याही नकळत, "बाबा, मला एक फोन करता आला नसता?"

ते सगळ्यांनी ऐकलं. आता वस्ती मला साहेबांचे बाबा म्हणते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता लिहितो. ते असं आहे. फोन केला असता तर तू ‘दार लावा’ म्हणाली असतीस. तुला तसंच म्हणावं लागलं असतं. आणि मग मी तुझं ऐकलं असतं की दार उघडंच ठेवलं असतं, हे माझं मलाच सांगता येईना. तुझं न ऐकण्यापेक्षा तुला न विचारणं सोपं वाटलं. म्हातारा बाप असा चोरवाटा काढतो. रागावली असशील तर रागव. पण माझ्यावर, स्वतःवर नको. गाडी पोहोचली का, हे तू रोज विचारत होतीस. पत्र्यांच्या कुठल्या बाजूला, एवढंच विचारायचं राहिलं. इतक्या मोठ्या शहरात ते कुणाकडूनही राहिलं असतं.

पत्रे त्याच संध्याकाळी सरकले. शौचालय उघडलं. फवाऱ्याचा पंप पाठीला लावून दोन बायका येतात. शिंपीण रोज भिंतीपलीकडून ओरडून सांगते, की तिचा माठ आता दुपारपर्यंत रिकामा होतो. माझं अंगण मोकळं पडलं आहे. खडूचे गोल तेवढे आहेत.

आता एक गोष्ट, जी या पत्रात पहिल्यांदा लिहायला हवी होती. परवापासून चहाला चव नाही. आधी वाटलं, पावडर जुनी असेल. मग साबणाचा वास येईना. काल फिनेलची बाटली नाकाशी धरून बसलो होतो, तेव्हा जे समजायचं ते समजलो. अंगात कसकस आहे, बाकी बरा आहे. श्वास चांगला चालतो. दोन कविता एका दमात म्हणून पाहिल्या. नाकात काडी घालून काल नमुना नेला आहे. उत्तर तुझ्याच टेबलावर येईल, म्हणून म्हटलं, तुला कागदाआधी माझ्याकडून कळावं.

रांगेतल्या सगळ्यांची तपासणी कर, शिंपिणीची सगळ्यात आधी. आजार कुणी कुणाला दिला, हे शोधत बसू नका. मलाही कळायला नको आहे.

मला दवाखान्यात न्यायचं म्हणालीस तर मुकाट्याने गाडीत बसेन. तू भेटायला येऊ नकोस म्हणालीस तर तेही ऐकेन. फक्त एक मागणं आहे. बाप म्हणून नाही, तुझ्या वॉर्डातला रहिवासी म्हणून. माझा रिपोर्ट कसाही येवो, त्या शौचालयाला पुन्हा कुलूप लावू नकोस. वरून दबाव येईल, माझंच उदाहरण तुझ्यापुढे ठेवतील. तेव्हा त्यांना सांग, की म्हाताऱ्याला आजार झाला तो दार उघडलं म्हणून नव्हे, अख्ख्या वस्तीला त्याचं एकट्याचंच दार उघडं होतं म्हणून.

आणि कुठेही असलीस तरी पाणी पीत जा गं.

आपला आज्ञाधारक नागरिक,
आणि तुझा, बाबा