सभेसाठी घेतलेली गिटार

३ फेब्रुवारी १९५८, ठाकूरद्वार
गिरगाव ते परळ येथील तमाम वक्त्यांनो, आपलं दुःख एकच आहे. शाहिराने डफ खाली ठेवला की लोक चपला शोधू लागतात, आणि नेमकं तेव्हाच आपलं नाव पुकारलं जातं. काल लालबागला माझं तेच झालं. द्विभाषिक मुंबई राज्याला गाडून संयुक्त महाराष्ट्र मागणारं भाषण होतं. ऐकायला सतरंज्या गुंडाळणारे.

(रोजनिशी कुणी वाचत नाही हे माहीत आहे. सवय.)

निश्चय: यापुढे वाद्य आपलंच.

५ फेब्रुवारी
इलेक्ट्रिक गिटार घेतली. कावेलच्या इनासची, गोव्याचा वादक. तो ज्या हॉटेलात वाजवायचा तिथला बँड दारूबंदीने बंद पाडला. गिटार अमेरिकेची, युद्धाआधीची. तिकडे म्हणे अगदी गरिबांची. लाकूड खोक्याचं वाटतं, रंग उडालेला, एक बटण गायब. स्वस्त होती म्हणून घेतलेली नाही. श्रमिकांचं वाद्य म्हणून घेतली. वासंती म्हणाली, श्रमिकांचं होतं तर श्रमिकाकडेच राहू द्यायचं होतंत.

बायकोला आंदोलन समजावणं कठीण. मागच्या सत्याग्रहात ती तुरुंगात जाऊन आली खरी. मला तेव्हा सर्दी होती.

८ फेब्रुवारी, सकाळ
रेडिओच्या मागे ग्रामोफोनसाठी भोकं असतात. तिथे गिटारची तार जोडली. पहिल्याच सुराला शेजारचे तात्या बाहेर आले. विचारलं, कुणाचं काय अडकलं? तात्यांना नवं काही सोसत नाही.

बोटं सोलली. उद्यापासून रोज एक तास.

१० फेब्रुवारी
आजपासून रोज एक तास.

१४ फेब्रुवारी
इनास गिटारला भेटायला येतो. म्हणाला, साब, महाग गिटार तुम्ही बोलाल तेच बोलते. ही उलट बोलते. जरा जोरात घेतली की गुरगुरते, म्हणून वाजवणारा हिला सोडत नाय. मी म्हटलं, मग तू कशी सोडलीस? तो तारा जुळवायला लागला. या लोकांना तर्कशुद्ध उत्तर देता येत नाही.

आज कावेलचे आणखी चार वादक घेऊन आला. मी त्यांना भाषावार प्रांतरचनेचा इतिहास सांगितला. कुणी जागचं हललं नाही. मान डोलावत होते. नंतर प्रत्येकाने पाचदहा मिनिटं गिटार वाजवली आणि गेले. गोव्याची तरुण पिढी आपल्या बाजूला येते आहे. वासंती म्हणाली, ते रांगेत बसले होते. दुर्लक्ष.

२२ फेब्रुवारी
उद्या परळची सभा. आमच्या समितीचे चिटणीस कमलाकांत यांनी मला मुख्य वक्ता केलं. हे मी गिटारचं सांगितल्यावर झालं, हा योगायोग. योजना: मी सुरावट वाजवणार, लोक थक्क होणार, त्याच क्षणी भाषण. तीन सूर येतात. पुरेत. सोबत इनास, तारा जुळवायला.

२३ फेब्रुवारी, रविवार
लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला भोक एकच. माइक लावा नाहीतर गिटार. हे कुणीही आधी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं, पण मी वक्ता आहे, मिस्त्री नव्हे.

माइक काढून गिटार लावली. माझे तीन सूर झाले. पुढून कुणी म्हणालं, मास्तर, आधी दुरुस्त करून या. मग इनासने गिटार घेतली आणि शाहिराच्या पोवाड्याची चाल उचलली. ती खोक्याच्या लाकडाची वस्तू अशी गुरगुरली की रविवारच्या बाजाराला चाललेले गिरणीकामगार थांबले. डफ मागून धावत होता. मी माइक लावायला वाकलो, तर पब्लिक ओरडलं, ए, वायरला हात लावू नको.

भाषण मी पूर्ण केलं. माइकशिवाय, गिटार चालू असताना. कमलाकांत म्हणाले, तुमचे हात फार प्रभावी हलत होते.

२५ फेब्रुवारी
नायगावच्या सभेची पत्रकं निघाली. शाहिरांचं नाव ठळक. खाली, ‘इलेक्ट्रिक गिटारसह’. वक्त्यांत माझं नाव नाही. कमलाकांतना जाब विचारला. म्हणाले, अहो, गिटार म्हणजे तुम्हीच की. गिटार द्यायला साफ नकार दिला. वासंती म्हणाली, भाषण तुमचं की महाराष्ट्र सगळ्यांचा, ते एकदा ठरवा. मी पत्रक उलटून पाहिलं, मागे कोरं.

१ मार्च
गिटार इनासकडे पोचवली. चळवळीसाठी. उद्या मलाही बोलावलं आहे. काम: वायरवर कुणाचा पाय पडणार नाही हे पाहणे.

वक्त्यांनो, उद्या संध्याकाळी नायगावला या. व्यासपीठ मागू नका, टाळ्याही नकोत. इनास थांबला की गर्दीतून, कुठूनही, तुमच्यापैकी एकाने एकदा ‘आता भाषण’ म्हणा.