टिटवी आणि दहाव्याचा कावळा

प्रिय आत्याबाई,

तुमच्या चिरंजीवांनी तंबाखू सोडल्याला आज महिना झाला. सकाळपासून गावभर सांगत फिरतायत, “आयेला सबूद दिलाय.” म्हणून लिहायला बसले. खरी गोष्ट सासूला तरी कळायला हवी.

दहाव्याला किती छळलंत हो आम्हाला! नदीच्या वाळूत पत्रावळीवर पिंड मांडला, वर कंट्रोलच्या दुकानातली साखर साठवून केलेला तुमच्या आवडीचा शिरा. बाभळीवर कावळे जमले, पण एकही पिंडाला शिवेना. चुलत सासऱ्यांनी तुमची गाय सांभाळायचं कबूल केलं, तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“सुनंवर रुसून गेली माजी बहीन, दुसरं काय न्हाई,” म्हाळसामावशी म्हणाल्या, तेही चारचौघांत. शेवटची पेज माझ्याच हातची प्यायलात ना? मला भर उन्हात रडू फुटलं.

तेवढ्यात मघापासून कोकलणारा एक पक्षी वाळूतून तुरुतुरु पळाला. “पानकोंबडी हाय,” चुलत सासरे म्हणाले. मी डोळे पुसून बघितलं. लांब पिवळे पाय, काळी छाती, डोळ्यापुढं लाल कातडी. तुम्हीच शिकवलेलं, कुंकू लावलेली टिटवी पाण्याकाठची, हळद लावलेली माळावरची, आणि दोघींची अंडी उघड्या भुईवर. जन्मभर तिला अपशकुनी म्हणून शिव्या घातल्यात, पण ओळख मात्र सख्ख्या नणंदेसारखी!

सगळे वर कावळ्यांकडं बघत होते, मी खाली बघितलं. पिंडाला अगदी खेटून, गोट्यांत गोट्यांसारखी ठिपक्याठिपक्यांची अंडी! कावळा जरा उतरला की ही त्याच्या अंगावर धावून जायची.

इकडे तुमचे चिरंजीव हात जोडून म्हणाले, “आये, तंबाखू सोडली!” सगळ्यांनी डोळे मिटले. मी पत्रावळ उचलली आणि पार पलीकडं खडकावर ठेवली. डोळे उघडतात तो कावळा शिऱ्यावर! हे ढसाढसा रडले. “लेकाचाच सबूद पायजेल हुता,” इति मावशी. माझं नाव कुणी घेतलं नाही.

एक विचारू, आत्याबाई? टिटवी मधे नसती, तर माझ्या हातच्या शिऱ्याला लगेच शिवला असतात ना?

बरं, राहू दे. अंडी-बिंडी मी कुणाला सांगणार नाही आणि ह्यांना तंबाखूला हात लावू देणार नाही. तिन्हीसांजेला टिटवी दारावरून ओरडत गेलीच, तर तुमच्या वाटणीची शिवी मी घालीन. पण हळू आवाजात.

तुमची सून,
गोदा