टाकीवरची उडी

५ ऑगस्ट
अंगदनं उडी बंद केली. माझा चहा पिऊन, माझ्याच खुर्चीत बसून बघून गेला — आणि बंद केली.

सकाळी गेम पार्लर उघडलं तर स्केटबोर्डचा गेम अपडेट मागायला लागला. घेतल्याशिवाय सुरूच होईना. घेतलं. भारतीनं नेहमीसारखी फळी पाण्याच्या टाकीवर उलटी घासली, दोनदा बटण दाबलं. एरवी फळी भिंतीतून आरपार जाऊन आभाळात सुटायची. आज धडकून खाली पडली. "पप्पा, भोक बुजवलं त्यांनी."

या उडीसाठी श्रीगोंद्याची पोरं काष्टीला यायची. गेम बनवणारा अंगद आपल्याच भागातला, पुण्यात कंपनी काढली, म्हणून मीच कौतुकानं बोलावून त्याला दाखवली. तेव्हा हसला होता. आता सोडत नाही त्याला.

६ ऑगस्ट
फोन केला. गोड बोललो. म्हणतो, "काका, ती माझी चूक होती. आणि नवीन माणूस तुमच्या पोरांपुढं हरतो, गेमच सोडून देतो."

चूक तुझी असेल, मजा आमची होती — हे मनात. तोंडानं म्हणालो, "बरोबर आहे. तुझा सत्कार ठेवलाय." तो आढेवेढे घ्यायला लागला, तेवढ्यात मागून बाईचा आवाज — आई असावी — "जा की रं, गावचं बोलावणं हाय." तिथंच पकडला.

७ ऑगस्ट
भारती विचारते, सत्कार कशापायी? बाजारात कॅसेटची टपरी लावायचो तेव्हापासून सत्कार बघतोय. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्यात गुच्छ. एवढं लादलेला माणूस पळूही शकत नाही, नाहीही म्हणू शकत नाही.

१० ऑगस्ट
झाला सत्कार! बाजारचा दिवस, पार्लरपुढं ही गर्दी. माईक घेतला. "हिवरे बाजारच्या ग्रामसभेत गावाचं ठरवतात तसं ठरवू. उडी परत पाहिजे, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर. कांदेवाल्या मावशीचाही.

पार्लरच्या पोरांतला चेतन ओरडला, "शेठ, मावशीला गेम तरी म्हाईत हाय का?"

"न्हाई म्हाईत," मावशी म्हणाली, "पण शेठचं काम हाय ना?"

फेट्याखाली अंगद लाल झालेला. हळूच म्हणतो, "काका, सत्काराला बोलावून असं?"

मीही हळूच, "चहा पिऊन तसं?"

मग माईकवर म्हणाला, "आणतो परत."

११ ऑगस्ट
वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. झोप छान लागली.

२६ ऑगस्ट
उडी आली. टाकीजवळ मोठा पिवळा बाण. 'इथे उडी मारा.' एक बटण दाबलं की कुणीही उडतं. वर टाळ्या वाजतात.

चेतननं एकदा मारली. "लहान पोरांचा पाळणा झाला, शेठ." दुसऱ्यांदा कुणी तिकडं फिरकलंच नाही.

दावा साधला लबाडानं. मागितलं तेच दिलं आणि मारून दिलं. आता मीही बघतो त्याच्याकडं.

२८ ऑगस्ट
अंगदचा फोन. "काका, आवडली का? झोपलो नाही नीट. आता नवीन माणसालाही उडता येतं, तुमच्या पोरांनाही." कान देऊन ऐकलं. टोमणा कुठंच नव्हता. रविवारी बघायला येतोय.

पोरांना सांगितलंय — तो आला की सगळ्यांनी टाकीवर जायचं आणि उड्या मारायच्या.