तिसऱ्या हाकेला ओ

४ फेब्रु., मंगळ. नशिराबाद.
बोलते मी, लिहितो फोन. नात नीलूने बटण दाबून दिलं. मला अक्षर येत नाही, त्याला माझी बोली येत नाही. जोडी बरी जमली. वांग्याचं भरीत म्हटलं तर नीलू वाचते, "वांग्याचा भारत". जो भरीत ओळखत नाही त्याच्या हाती घराच्या किल्ल्या! बँकेचं कुलूप याच्यातच. सहा आकडे येतात, ते सांगितले की खातं उघडतं. त्यात नीलूच्या शिरपूरच्या कॉलेजची फी.

७ फेब्रु., शुक्र.
अनिलचा फोन. माझा मुलगा, साक्रीकडे पवनचक्क्यांवर कामाला. "आई, सहा आकडे आले असतील, सांग पटकन." आवाज त्याचाच, सर्दीसकट. पण अनिल जन्मात मला आई म्हणाला नाही. माय म्हणतो, तेही तीनदा. सासूबाईंपासूनची रीत: माणूस दिसत नसेल तर पहिल्या-दुसऱ्या हाकेला ओ द्यायची नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही. म्हटलं, मेल्या, आधी बापाचं नाव सांग! ठेवलाच त्याने.

१० फेब्रु., सोम.
पुन्हा. "माय. माय. माय. मी शे."
मी आहे म्हणतो, तेही घरच्या बोलीत. ही रीत बाहेर कुणाला ठाऊक नाही. बोलले फक्त शुक्रवारी. या फोनपाशी. आता पुरे

११ फेब्रु., मंगळ.
वही आणली. लिहिते नीलू. फोन ज्वारीच्या कोठीत. नीलू हसते, "आजी, गुदमरेल ना तो." "गुदमरू दे." "अगं, त्याला श्वास लागत नाही." म्हटलं, तेच तर.

१६ फेब्रु., रवि.
अनिल आला. "मी तं फोनच करा नही, माय." म्हणजे फोन त्याने केलाच नव्हता. त्याला केळीच्या बागेत नेलं. नवी खूण ठरवली, कानात. (आजी, कोणती? — लिहू नको. तुलाही सांगणार नाही. तोंड वाकडं करू नको, ते लिही हवं तर.)

२० फेब्रु., गुरु. दुपार.
कोठीत वाजला. काढला. "माय. माय. माय." मग खूण. जशीच्या तशी. "पाय मोडना, धुळ्याला दवाखान्यात शे. आकडे सांग, तव्हय भरती करतीन."
पाय मोडलाय म्हणे, आकडे दिले तरच भरती करतील. नीलू रडते. "पप्पाच आहेत, सांगू दे ना." आकडे तिला वाचता येतात, मला नाही. तिच्या तोंडावर हात ठेवला. खरंच तो असेल तर माझ्यासारखी डाकीण मीच.
शेजारणीच्या फोनवरून अनिलला लावलं. बंद.
खूण दोघांनाच ठाऊक. बागेत तिसरं कुणी नव्हतं. माझा फोन कोठीत होता.
अनिलचा त्याच्या खिशात.
फोन चालूच आहे, ओट्यावर. "माय, सांग ना." लिही नीलू, हात थांबवू नको, हात थांबला की भीती वाढते.
आता दारातून हाक आली. "माय." तोच आवाज. फोनमधला गप्प झाला, जसा कान देऊन बसलाय.
कडीला हात लावू नको. बस खाली.
दुसरीही आली.