पुढं लागतील म्हणून ठेवलेल्या गोळ्या

प्रिय आत्याबाई,

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. आणि आज मी पत्र लिहायला बसले आहे. सासूला पत्र लिहिणारी सून म्हसवडच्या पंचक्रोशीत मी एकटीच असेन! पण काल सिस्टर आल्या होत्या, उरलेल्या दुखण्याच्या गोळ्या परत न्यायला. मी डबा दिला. त्यांनी पाकिटं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "अगं, या तर जवळजवळ तशाच हायत की," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी तुम्हाला घरी न्यायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, संपलं आता सगळं. मग या सिस्टर येऊ लागल्या. पॅलिएटिव्ह केअरच्या. तो शब्द मला अजून नीट म्हणता येत नाही. पण ओट्यावर बसून त्यांनी किती सोपं करून सांगितलं होतं! "कॅन्सर बरा व्हायचा न्हाई. पर आजींनी कळा कशाला सोसायच्या? दर चार तासांनी गोळी द्यायची. दुखू दे, न्हाईतर न दुखू दे."

पहिले तीन दिवस मी मोबाइलवर गजर लावून गोळ्या दिल्या. "त्या कोंबड्याला गप कर," म्हणून तुम्ही वैतागायचात. चौथ्या दिवशी उशीला टेकून बसलात, हुलग्याचं माडगं मागितलंत आणि मीठ कमी पडलं म्हणून मला बोललात. किती दिवसांनी तुमची बोलणी खाल्ली! चुलीपुढं जाऊन आनंदानं रडले मी.

आणि त्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "आता बरं वाटतंय न्हवं? र्‍हायलेल्या ठिव. पुढं लागतील."

मी ठेवल्या. टँकर आला की आधी उद्याचं पाणी झाकायचं, मग आजचं प्यायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. साबणाची चिपटीसुद्धा आपण पुरवून वापरतो. गोळी पुरवायची नसते, हे डोक्यातच आलं नाही. अगदीच असह्य झालं की एखादी द्यायची, आणि तोवर कळ पार वर चढलेली असायची.

पण आत्याबाई, तुम्ही तरी एवढं का सोसलंत? दुखतंय का विचारलं की, "न्हाई गं, लय न्हाई." सिस्टरांचा फोन आला की तुम्ही हातानं खूण करायचात आणि मी म्हणायचे, "बरं हाय." तुमचा लेक मुंबईहून विचारायचा, "आईला सवय लागंल का गं त्या गोळीची?" तुम्ही, मी आणि तो, तिघं मिळून गोळ्या वाचवत होतो. आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून "अव्वा, अव्वा" म्हणत होतात. तुमच्या जतकडच्या माहेरी कळ आली की आईला अशीच हाक मारतात, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. तरी मी उठले नाही.

वीस वर्षांत तुमचं मी काय ऐकलं? पदरावरून वाद, भाकरीच्या जाडीवरून वाद. मग नेमकं हेच का ऐकलं मी!

शुक्रवारी सिस्टर बचत गटाच्या बायकांपुढं या गोळ्यांबद्दल बोलणार आहेत. "तू सांगशील का?" त्यांनी विचारलं. जाऊबाई म्हणतात, "घरातलं चव्हाट्यावर कशाला? औषध असून सुनेनं सासूला दिलं न्हाई, म्हणतील."

म्हणू देत. खोटं थोडंच आहे!

मी तुमचं नाव घेऊन सांगणार आहे. आणि एक शब्द देते. गावात कुणाच्या घरी असं दुखणं आलं, तर मी जाईन. माणूस "लय न्हाई" म्हणाला तरी ठरलेल्या वेळेला गोळी त्याच्या हातावर ठेवीन, आणि तो ती गिळेपर्यंत जागची हलणार नाही. तुमच्यापाशी एवढंच करायचं होतं मला.

तुमची सून,
शालन