पेटी काढण्यास दिलेल्या अंगठ्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
वनमाला स्मृती रुग्णालय, चंद्रपूर.

अर्जदार : सुगंधाबाई गुणवंतराव मोहुर्ले, मु. बोरटोला, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली.

विषय : यजमानांच्या नावे एका ओळीचे पत्र मिळणेबाबत.
संदर्भ : दि. ११ फेब्रुवारी २०२४ चे संमतीपत्र (माझा अंगठा असलेले).

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, माझे यजमान गुणवंतराव झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवून गात असत. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यापायी गळ्यात गाठ झाली. दम कोंडून बेशुद्ध झाल्याने त्यांना आपल्याकडे भरती केले. तेव्हा डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "बाई, आवाजाची पेटी काढावी लागेल." मला वाटले, गाणे-बजावणे बंद करून बाजाची पेटी घरातून काढायला सांगतात. मी म्हटले, "काढा ना जी! पेटीपरीस माणूस मोठा." आणि अंगठा दिला.

२. माणसाच्या गळ्यातही पेटी असते, हे मला ठाऊक नव्हते. नंतर नर्सबाईंनी चित्र दाखवले. समोर कंठाच्या घाटीचे मऊ हाड, आत दोन पट्ट्या, घास उतरताना मिटणारे वरचे झाकण. छातीचा वारा त्या पट्ट्यांवरून गेला की आवाज होतो. एवढीशी वस्तू, सुपारीच्या डबीएवढी! आता वारा गळ्याच्या भोकातूनच येतो-जातो.

३. शुद्धीवर येताच यजमानांनी पाटीवर लिहिले. नर्सबाईंनी वाचून दाखवले : "कोणाले विचारून काढली?" मीच हो म्हटल्याचे सांगितले. त्या दिवसापासून ते माझ्याकडे पाहत नाहीत. बाजाची पेटी घरीच आहे, हात धड आहेत, पण तिला शिवत नाहीत.

४. यातील मोठी अडचण अशी की, त्यांना बोलता येत नाही आणि मला वाचता येत नाही. ते पाटी भरतात, मी पाहत राहते, मग ते पुसून टाकतात. शेजारच्या दिव्यानीला (हा अर्ज तिनेच लिहिला आहे) वाचायला बोलावले तर पाटी हाताने झाकतात. काऊन झाकता जी? शिव्या असन तं असू द्या, पण कळू तं द्या! हे वाक्य खोडू नको, असे मी दिव्यानीला बजावले आहे. एकतीस वर्षांचा संसार आहे, साहेब. मला फार वाईट वाटते.

५. सबब विनंती की, गळ्यातली पेटी काढली नसती तर ते जगले असते किंवा नाही, एवढे सहीशिक्क्यानिशी त्यांच्या नावे लिहून द्यावे. माझ्या बाजूने लिहा, असे म्हणणे नाही. खरे असेल तेच लिहावे. अक्षर मोठे असावे. ते मनातच वाचतील. मी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहीन, त्यावरून काय लिहिले ते मला समजेल.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

(डाव्या हाताचा अंगठा)
सौ. सुगंधाबाई गुणवंतराव मोहुर्ले
दि. ३ जून २०२४

सोबत : १) संमतीपत्राची झेरॉक्स. २) यजमानांच्या नावाचे, तिकीट लावलेले पाकीट.